पेशीअंगकांमधली जवळीक आणि वार्धक्य : संपर्क वाढला की बिघडतं, की तुटला की?

सूक्ष्मदर्शी

शाळेच्या पुस्तकातलं पेशीचं चित्र आठवा. मधे केंद्रक, एका बाजूला आंतर्द्रव्यजालिका, दुसरीकडे शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका (म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया), कोपऱ्यात लयकारिका (कचरा पचवणाऱ्या पिशव्या, लायसोसोम). सगळी अंगकं एकमेकांपासून सुटी, मधे मोकळं पेशीद्रव. या चित्रानं आपलं बरंच नुकसान केलं आहे, कारण खऱ्या पेशीत ती अशी सुटी नसतात. आंतर्द्रव्यजालिका (पुढे ईआर म्हणतो) आणि मायटोकॉन्ड्रिया यांची पटलं जागोजागी १० ते ३० नॅनोमीटरवर येऊन थांबलेली असतात. ती एकमेकांत विरघळत नाहीत. मधे प्रथिनांचे दोर असतात आणि ते दोन्ही पटलं त्या अंतरावर धरून ठेवतात.

यकृताच्या पेशीत अशी जवळीक असते हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९५० च्या दशकातच दिसलं होतं. पण तो फिक्सिंगमधला, म्हणजे ऊती रसायनानं टिकवण्याच्या पायरीतला दोष असावा असं अनेक वर्षं वाटत राहिलं. १९९० मध्ये जीन व्हान्स यांनी उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रियाला चिकटून येणारा ईआरचा तुकडा वेगळा काढला आणि फॉस्फोलिपिड बनवणारी विकरं त्यात असल्याचं दाखवलं. आज आपण त्याला मॅम म्हणतो. १९९८ मध्ये रिझुटो आणि सहकाऱ्यांनी जिवंत हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्कपेशींत) मोजमाप केलं, तेव्हा मायटोकॉन्ड्रियाच्या पृष्ठभागाचा साधारण ५ ते २० टक्के भाग ईआरला लागून असल्याचं दिसलं.

धाग्याचा विषय शीर्षकात आहे. अल्झायमर, पार्किन्सन, मधुमेह, स्नायूंची झीज, कुठलाही वार्धक्यातला आजार घ्या, त्यावर "मॅम वाढलं" म्हणणारा एक शोधनिबंध सापडतो आणि "मॅम कमी झालं" म्हणणारा दुसरा. माझं मत असं, की यातले बरेच विरोध जीवशास्त्रातले कमी आणि मोजण्याच्या पद्धतीतले जास्त आहेत. जाणकारांनी आपापल्या ऊतीबद्दल नेमकं लिहावं.

आंबेहळद

आधी कॅल्शियमचं गणित मांडते, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पेशी शांत असताना पेशीद्रवात कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. ईआरच्या पोटात ते त्याच्या काही हजार पट. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर एमसीयू नावाचा मार्ग आहे (प्रथिन म्हणून त्याची ओळख पटली २०११ मध्ये). त्याला उघडायला काही मायक्रोमोलर कॅल्शियम लागतं, आणि संपूर्ण पेशीद्रवात ते सहसा एवढं चढत नाही. ते चढतं फक्त आयपी३ रिसेप्टरच्या, म्हणजे ईआरमधून कॅल्शियम बाहेर सोडणाऱ्या दाराच्या तोंडाशी, काही दहा नॅनोमीटरच्या टापूत आणि क्षणभरासाठी. मायटोकॉन्ड्रिया त्या टापूत असेल तरच तिला कॅल्शियम मिळतं. पाण्याच्या पाळीसारखंच आहे हे : पाट वावराच्या कडेनं गेला तर वावर भिजतं, लांबून गेला तर कोरडं राहतं.

या पाटाची बांधणी अशी : ईआरकडे आयपी३ रिसेप्टर, मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर व्हीडॅक१, आणि दोघांना जोडणारं जीआरपी७५. शेजारी धरून ठेवणारी वेगळी जोडी, ईआरवर व्हीएपीबी आणि मायटोकॉन्ड्रियावर पीटीपीआयपी५१.

थोडं कॅल्शियम गेलं तर क्रेब्ज चक्रातली विकरं चेतवली जातात आणि एटीपी वाढतं. अजिबात गेलं नाही तर एटीपी घसरतं, ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके जागं होतं आणि पेशी स्वभक्षणाकडे, म्हणजे ऑटोफॅजीकडे वळते. हे २०१० मध्ये स्पष्ट दाखवलं गेलं. जास्त गेलं आणि तसंच जात राहिलं तर मुक्त मूलकं वाढतात, पटलाचं विभव ढासळतं आणि शेवटी पारगम्यतेचं छिद्र उघडून पेशी मरते. थोडक्यात, दोन्ही टोकं वाईट आहेत. म्हणून "संपर्क वाढवणारा पदार्थ चांगला" असं सरसकट कुणी लिहिलं की मी पुढे वाचत नाही.

अंतराबद्दल एक गोष्ट सहसा सुटते. आयपी३ रिसेप्टरचं पेशीद्रवात डोकावणारं डोकंच सुमारे १० नॅनोमीटर उंच आहे. प्रयोगासाठी दोन पटलांमधे बसवलेला कृत्रिम दोर फार आखूड घेतला, ५ नॅनोमीटरचा वगैरे, तर रिसेप्टरला त्या फटीत जागाच उरत नाही. चित्रात संपर्क घट्ट दिसतो, कॅल्शियम मात्र पोचत नाही. कॅल्शियमसाठी १५ ते २० नॅनोमीटर बरे आणि लिपिडच्या देवाणघेवाणीला १० च्या आसपास. "संपर्क" या एकाच शब्दात ही दोन वेगळी कामं दडलेली आहेत.

दवबिंदू

उत्तम मांडणी. मग थेट आयुर्मानावर परिणाम दाखवणारं काम कोणतं? आजाराच्या नमुन्यात फरक दिसणं वेगळं आणि संपर्क बदलल्यामुळे प्राणी जास्त जगणं वेगळं.

टाकळा

दवबिंदू, बरोबर जागी बोट ठेवलंत. चार कामं सांगतो, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत हेही आधीच सांगतो.

उंदीर : आयपी३ रिसेप्टरचा दुसरा प्रकार, आयटीपीआर२, काढून टाकलेले उंदीर जास्त जगले. त्यांच्या यकृतात चरबी आणि तंतूभवन (व्रणासारखे तंतू साठणं) कमी, जराग्रस्त, म्हणजे विभाजन कायमचं थांबलेल्या पेशीही कमी. त्यांच्या पेशींत ईआर आणि मायटोकॉन्ड्रियाचे संपर्क घटलेले होते. उलट, साध्या पेशींत कृत्रिम दोर घालून संपर्क जबरीनं वाढवले तर पेशी वेळेआधी जराग्रस्त झाल्या. हे २०२१ चं काम. इथला निष्कर्ष : कमी बरं.

सूत्रकृमी : एटीएफ-६ हे ईआरवरचा ताण ओळखणारं प्रथिन काढलेले कृमी जास्त जगतात, पण त्यासाठी ईआरमधून आयपी३ रिसेप्टरवाटे कॅल्शियम बाहेर पडणं आणि एमसीयूवाटे मायटोकॉन्ड्रियात शिरणं गरजेचं ठरलं. मार्ग बंद केला की वाढलेलं आयुष्य गेलं. हे २०२० चं.

फळमाशी, पहिली : अल्झायमरमधलं अमायलॉइड बीटा तयार करणाऱ्या माश्यांत कृत्रिम दोरानं संपर्क वाढवले, माश्या जास्त जगल्या. हेही २०२० चं.

फळमाशी, दुसरी : पीडीझेडडी८ हे दोराचं प्रथिन कमी केलं, म्हणजे संपर्क घटवले. माश्यांची तब्येत सुधारली आणि त्याच अमायलॉइडचा त्रासही कमी झाला. हे २०२२ चं.

एकच प्राणी, एकच अमायलॉइड आणि उलट दिशेचे दोन उपाय, तरी दोन्हीकडे फायदा. मला यातून एवढंच दिसतं की कृत्रिम दोर आणि पीडीझेडडी८ ही एकाच फटीची दोन टोकं नाहीत. पीडीझेडडी८ लिपिड वाहतं. ते काढलं की नुसतं अंतर बदलत नाही, मालवाहतूकही बदलते. कृत्रिम दोर मात्र काहीच वाहत नाही, तो फक्त पटलं जवळ आणतो.

पाणकणीस

सूक्ष्मदर्शी म्हणतात तसं, मोजण्याच्या पद्धतीवर सविस्तर लिहायला हवं. म्हाताऱ्या ऊतीत हमखास फसवणाऱ्या जागा सांगते.

१) इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. नेहमीची रीत अशी : २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये फिक्स, मग १ टक्का ऑस्मियम, ६० ते ७० नॅनोमीटरचे काप. मग प्रत्येक मायटोकॉन्ड्रियाच्या परिघापैकी किती लांबी ईआरपासून ३० नॅनोमीटरच्या आत आहे हे टक्क्यांत काढतात. घोळ या टक्क्यांतच आहे. समजा तरुण पेशीत परिघ २ मायक्रोमीटर आणि संपर्काची लांबी २०० नॅनोमीटर, म्हणजे १० टक्के. वय वाढल्यावर तीच मायटोकॉन्ड्रिया फुगली आणि परिघ ३ मायक्रोमीटर झाला. संपर्क तेवढाच, २०० नॅनोमीटर, पण आकडा येतो ६.७ टक्के. "वयानुसार संपर्क एक तृतीयांशानं घटले" असं वाक्य तयार! म्हणून टक्के, नुसती लांबी, दर पेशीमागे एकूण संपर्क आणि अंतराची विभागणी हे चारही आकडे द्यायलाच हवेत.

फिक्सेटिव्ह पोचायला उशीर झाला तरी मायटोकॉन्ड्रिया फुगतात. ऊती काढून ट्रेमध्ये ठेवली आणि मग तुकडे करत बसलं की गेलीच. शक्य तिथे रक्तवाहिनीतूनच फिक्सेटिव्ह सोडावं. नाहीतर १ घन मिलिमीटरचे तुकडे ताबडतोब फिक्सेटिव्हमध्येच कापावेत.

आणि एक काप म्हणजे पावाची एकच चकती. नळीसारखा ईआर मायटोकॉन्ड्रियाला कुठे विळखा घालतो ते सलग चकत्या जोडल्याशिवाय दिसत नाही.

२) पीएलए, म्हणजे व्हीडॅक१ आणि आयपी३ रिसेप्टर ४० नॅनोमीटरच्या आत असले की ठिपका दिसतो ती रीत. ठिपके कमी दिसले तर आधी दोन्ही प्रथिनांचं एकूण प्रमाण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) बघा. वयामुळे रिसेप्टरच कमी झाला असेल तर अंतर तसंच राहूनही ठिपके घटतात.

३) स्प्लिक्स. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे दोन तुकडे दोन पटलांवर बसवायचे आणि पटलं जवळ आली की उजेड. आखूड प्रकार ८ ते १० नॅनोमीटर पकडतो, लांब प्रकार ४० ते ५०. साधन चांगलं, पण जीएफपीचे तुकडे एकदा जुळले की सुटत नाहीत. सिग्नल साठत जातो, आणि जास्त दिवस ठेवलं तर तुम्ही घातलेलं साधनच दोर बनतं.

४) लायपोफुसिन. म्हाताऱ्या ऊतीत हा तपकिरी कचरा साठतो आणि हिरव्यापासून लालपर्यंत सगळीकडे स्वतःच चमकतो. तरुण आणि म्हाताऱ्या कापांत "हिरवे ठिपके वाढले" म्हणणाऱ्यांनी काहीही न रंगवलेला म्हातारा काप त्याच सेटिंगवर दाखवलाच पाहिजे. ७० टक्के अल्कोहोलमधलं ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी वापरून चमक दबते, खरा सिग्नलही थोडा दबतो. म्हणून दोन्ही गटांना तितकाच वेळ द्या.

५) रॅपामायसिननं जुळणारे दोर, म्हणजे हे औषध घातल्यावरच ज्यांचे दोन तुकडे जुळतात असे कृत्रिम दोर. वार्धक्याच्या प्रयोगात हे वापरणं म्हणजे मूळ प्रश्नच गढूळ करणं. रॅपामायसिन स्वतः एमटॉर (पेशीच्या वाढीचं नियंत्रण करणारं प्रथिन) दाबतं आणि उंदरांचं आयुष्य वाढवतं! एमटॉरला न लागणारा रॅपालॉग (रॅपामायसिनसारखा बनवलेला रेणू) घ्या, आणि दोर नसलेल्या पेशींनाही तोच डोस द्या.

सूक्ष्मदर्शी

पाणकणीस, हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवावा असा आहे. परिघाचं उदाहरण तर प्रत्येक शोधनिबंध तपासताना समोर ठेवायला हवं.

आंबेहळद, यकृतातलं मॅम वेगळं काढण्याबद्दल लिहाल का? २०१४ चा तो गाजलेला विरोधही तिथलाच.

आंबेहळद

आधी विरोध. २०१४ मध्ये एका गटानं लठ्ठ उंदरांच्या यकृतात संपर्क वाढलेले दाखवले, मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम तुंबलेलं दाखवलं, आणि आयपी३ रिसेप्टर१ किंवा पॅक्स-२ कमी केल्यावर साखर सुधारली. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं पीएलए वापरून इन्सुलिनला न जुमानणाऱ्या यकृतात संपर्क तुटलेले दाखवले. दोन्ही कामं काळजीपूर्वक केलेली आहेत. पण पहिलं मुख्यतः चित्रातलं अंतर मोजतं आणि दुसरं एका ठरावीक प्रथिनजोडीचं सान्निध्य. शिवाय उपाशी आणि जेवलेल्या उंदराच्या यकृतातलं मॅम वेगळं असतं : जेवणानंतर संपर्क कमी होतात हे नंतर दाखवलं गेलं. म्हणून उंदीर किती वाजता आणि किती तास उपाशी ठेवून मारला हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा दुसऱ्या प्रयोगाशी ताडून बघता येत नाही.

आता मॅम काढण्याची कृती. सगळं ४ अंशांवर, आणि ऊती ताजीच हवी. गोठवलेल्या यकृतात पटलं फुटून एकमेकांना भलतीकडेच चिकटतात.

यकृत थंड द्रावणात रक्त जाईपर्यंत धुवा. द्रावण : २२५ मिलिमोलर मॅनिटॉल, ७५ सुक्रोज, ०.५ ईजीटीए, ३० ट्रिस, पीएच ७.४, आणि ०.५ टक्के बीएसए. टेफ्लॉनच्या दांड्यानं काचेच्या नळीत मोजक्याच फेऱ्यांत घोटा. फार घोटलं की दोर तुटतात, आणि म्हाताऱ्या प्राण्याचं तंतुमय यकृत नीट बारीक होत नाही म्हणून हात हमखास जास्त चालतो. दोन्ही गटांना फेऱ्या मोजूनच द्या.

७४० जी वर ५ मिनिटं, दोनदा : न फुटलेल्या पेशी आणि केंद्रकं खाली बसतात. वरचं द्रव ९००० जी वर १० मिनिटं : खाली बसतो तो कच्चा मायटोकॉन्ड्रिया. वरच्या द्रवातून नंतर साधा ईआर मिळतो. तो टाकू नका, तुलनेला लागतो. कच्चा मायटोकॉन्ड्रिया धुऊन ३० टक्के परकॉलवर (घनतेनुसार थर वेगळे करणारं द्रव) अलगद ओता, ९५,००० जी वर ३० मिनिटं. नळीत तळाकडे शुद्ध मायटोकॉन्ड्रियाचा दाट पट्टा आणि त्याच्या वर मॅमचा पांढुरका, विखुरलेला पट्टा दिसतो. तो काढून पातळ करा, ६३०० जी वर १० मिनिटं फिरवून भरकटलेला मायटोकॉन्ड्रिया खाली बसवा, आणि वरचं द्रव १,००,००० जी वर १ तास. तळाशी जी बारीक गोळी राहते ते मॅम.

शुद्धता तपासायला मॅममध्ये त्याची खूण असलेलं एसीएसएल४ वाढलेलं, एमसीयू जवळजवळ नाही आणि ट्यूब्युलिन नाही असं दिसलं पाहिजे. म्हाताऱ्या, चरबीच्या यकृतात पहिल्या फिरकीलाच वर मेदाचा थर येतो. तो आधी कापसानं टिपून घ्या, नाहीतर मेदबिंदूंची प्रथिनं पार मॅमपर्यंत उतरतात आणि "वयानुसार मॅममध्ये लिपिड वाढलं" असा निष्कर्ष निघतो.

उंबर

मेंदूच्या बाजूनं भर घालतो. इथे आनुवंशिक पुरावा असल्यामुळे पाय जरा घट्ट रोवता येतात.

एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजवणारा आजार) याचा आठवा प्रकार व्हीएपीबीमधल्या एका अमिनो आम्लाच्या बदलानं होतो, ५६ व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन. तो २००४ मध्ये ब्राझीलच्या कुटुंबांत सापडला. म्हणजे आंबेहळद यांनी सांगितलेल्या जोडीतलाच एक दोर. बिनआनुवंशिक एएलएसमध्ये जे टीडीपी-४३ साठतं, तेही हीच जोडी सोडवतं, जीएसके३ बीटाला चेतवून. आणि पार्किन्सनमधलं अल्फा-सिन्युक्लीन व्हीएपीबीलाच जाऊन चिकटतं. वेगवेगळे आजार आणि खीळ तीच.

अल्झायमरमध्ये चित्र उलट्या बाजूचं दिसतं. अमायलॉइड कापणाऱ्या यंत्रातलं प्रेसेनिलिन मॅममध्येच गोळा झालेलं असतं (२००९). रुग्णांच्या पेशींत मॅमचं काम वाढलेलं दिसतं, आणि कापायचं राहिलेलं सी९९ तिथे साठतं. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई४ या जनुकप्रकारामुळेही ते काम वाढतं.

पार्किन्सनमधला वादही खरा आहे : सिन्युक्लीन वाढवल्यावर संपर्क वाढले म्हणणारं काम २०१२ चं, आणि उत्परिवर्तित सिन्युक्लीननं ते घटले म्हणणारं २०१४ चं. इथे मला वेळेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. खराब मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायची असते तेव्हा पिंक१ आणि पार्किन ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियावरच्या मायटोफ्यूसिन२ या प्रथिनाला खूण करतात आणि ईआरशी असलेला तिचा धागा सोडतात. तो सुटला की विल्हेवाट पुढे सरकते. म्हणजे निरोगी पेशीतही काही संपर्क योग्य वेळी तुटलेच पाहिजेत.

टाकळा

मायटोफ्यूसिन२ चं नाव आलं म्हणून : २००८ मध्ये ते दोर आहे म्हटलं, २०१५ मध्ये ते काढल्यावर संपर्क वाढतात म्हटलं. २०२३ मध्ये त्याचे ईआरवर बसणारे दोन छोटे स्प्लाइस प्रकार (त्याच जनुकाचा संदेश वेगळा जोडून बनलेली प्रथिनं) सापडले, एक ईआरचा आकार सांभाळणारा आणि एक मायटोकॉन्ड्रियाला बांधणारा. पूर्ण जनुक काढल्यावर ही सगळी कामं एकदम जातात. मग कुठला परिणाम कशाचा ते सांगता येत नव्हतं, यात नवल नाही.

दवबिंदू

लयकारिकांबद्दल कुणीच लिहिलं नाही. वार्धक्यात त्यांचा वाटा मोठा आहे ना?

टाकळा

मोठा आहे, आणि माझ्या मते पुढच्या काही वर्षांत जास्त उपयोगी तेच ठरेल. यीस्टमध्ये २०१२ पासून माहीत आहे की पेशी म्हातारी होताना आधी रिक्तिकेची आम्लता घटते आणि मायटोकॉन्ड्रिया त्यानंतर बिघडतात. यीस्टची रिक्तिका म्हणजे आपल्या लयकारिकेची बहीणच.

दुसरं, डागडुजी. लयकारिकेचं पटल फाटलं की काही मिनिटांत तिथे पीआय४के२ए हे विकर येऊन पीआय४पी हे खुणेचं लिपिड बनवतं. त्या खुणेवर ओआरपी प्रथिनं ईआरला ओढून आणतात आणि ईआर लयकारिकेला लपेटतो. मग फॉस्फॅटिडिलसेरीन हे लिपिड येतं, त्यामागून एटीजी२ हे प्रथिन लिपिडचा ओघ सुरू करतं आणि भोक बुजतं. हे २०२२ चं काम. पीआय४के२ए नसलेल्या पेशींत अल्झायमरमध्ये साठणाऱ्या टाऊ प्रथिनाच्या तंतूंचा फैलाव बराच वाढला.

एटीजी२ सारखीच लांब पन्हळीसारखी प्रथिनं म्हणजे व्हीपीएस१३ कुटुंब. 'ए' बिघडलं तर कोरिया-अकँथोसायटोसिस (अनैच्छिक हालचालींचा दुर्मीळ आजार), 'सी' बिघडलं तर कमी वयातला पार्किन्सन, 'डी' बिघडलं तर अटॅक्सिया (हालचालींचा तोल जाणं). पन्हळ फुटली की नुसतं अंतर दुरुस्त करून भागत नाही.

दवबिंदू

शेवटचा प्रश्न, कारण वाचणारे विचारणारच. माणसांत आज काय करता येतं?

उंबर

संपर्कांवर काम करतं म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही. त्या नावानं कुणी गोळ्या विकत असेल तर घेऊ नका.

माणसाच्या ऊतीतला ठोस पुरावा स्नायूतला आहे. तिथे मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम सोडणाऱ्या जोडांना दोरांनी बांधलेल्या असतात आणि वयानुसार ती बांधणी सैल होते. आयुष्यभर व्यायाम करत आलेल्या ज्येष्ठांच्या मांडीच्या बायोप्सीत कॅल्शियम आणि एटीपी सांभाळणाऱ्या अंगकांची ठेवण बैठ्या समवयस्कांपेक्षा बरीच शाबूत दिसली. यात व्यायामामुळेच दोर टिकले असं सिद्ध होत नाही. पण व्यायाम सांगायला तेवढ्यावर थांबायची गरजही नाही.

पाणकणीस

प्रयोग आखणाऱ्यांसाठी एक. ३ महिने आणि २४ महिने असे दोनच गट घेऊ नका. ३ महिन्यांचा उंदीर अजून वाढतोय, त्याला प्रौढ धरता येत नाही. ६, १२-१४ आणि २२-२४ महिने असे तीन गट, नर-माद्या वेगळ्या, मारण्याची वेळ आणि उपासाचे तास सगळ्यांना सारखे. मधला गट खर्चिक वाटतो म्हणून गाळतात. पण संपर्क मध्यमवयात वाढून उतारवयात घटत असतील तर दोन टोकांच्या आकड्यांत फरक दिसणारच नाही, आणि "वयाचा परिणाम नाही" म्हणून ते काम फायलीत जाईल.